'संतती' म्हटलं की भागतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्रजीतल्या अपत्यवाचक शब्दांच्या भाषांतरावर मी आधी जे लिहिलं, त्यावरच्या तुमच्या आक्षेपाचा गाभा असा: चिल्ड्रन, इश्यू, ऑफस्प्रिंग, डिसेंडंट, सायन या सगळ्यांना मराठीत 'संतती' म्हटलं की काम भागतं, बाकी नुसता कीस पाडणं आहे. शिवाय 'ऑफस्प्रिंग्ज' हे रूप मी चुकीचं ठरवलं, पण ते शब्दकोशात सापडतं.

दुसरा मुद्दा तुमचा बरोबर. काही शब्दकोश ते रूप देतात, तेव्हा 'चूक' न म्हणता 'क्वचित' म्हणायला हवं होतं. रूढ वापरात मात्र पिल्लू एक असो की दहा, शब्द ऑफस्प्रिंगच. अनेकवचनाचा घोळ तसा 'चिल्ड्रन'मध्येही आहेच. जुन्या इंग्रजीत 'चिल्ड'चं अनेकवचन 'चिल्ड्रू', त्यातला 'र' हाच अनेकवचनाचा. पुढे लोकांना तो पुरेसा वाटेना, म्हणून 'ऑक्स'च्या (बैल) 'ऑक्सन' या अनेकवचनासारखा 'एन'ही जोडला. एकाच शब्दाला दोन अनेकवचनं चिकटली.

पहिला मुद्दा मात्र पटत नाही. कथा-कादंबरीत 'संतती' खपून जाईल, पण मृत्युपत्रात आणि वंशावळीत अंगाशी येईल. तिथे प्रश्न अर्थच्छटेचा नसतो, पिढ्यांचा असतो. 'चिल्ड्रन' म्हणजे साधारणपणे एकच पिढी. कायद्यातला 'इश्यू' आणि 'डिसेंडंट' म्हणजे मुलं, नातवंडं, पतवंडं, खापरपतवंडं, खाली जाईल तितकं.

हिशेबच मांडू. एकाने आपली मिळकत भावाच्या 'चिल्ड्रन'ना दिली. भावाला तीन मुलं. त्यातला एक मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधीच वारला, मागे त्याची दोन मुलं. मृत्युपत्रात किंवा त्या देशाच्या कायद्यात वेगळी तरतूद नसेल, तर हयात असलेल्या दोघांना अर्धं-अर्धं मिळतं आणि वारलेल्याच्या मुलांच्या हाती काहीच लागत नाही. आता 'चिल्ड्रन'च्या जागी 'इश्यू, पर स्टर्पीस' घाला, म्हणजे शाखेप्रमाणे वाटणी. तीन शाखांना एक-एक तृतीयांश, आणि वारलेल्याच्या दोन मुलांना प्रत्येकी एक षष्ठांश. दोन्ही ठिकाणी भाषांतरात 'संतती' लिहिलं, की भांडणाला कागद तयार.

वंशावळीत आणखी एक खड्डा आहे. इंग्रजी सरदार घराण्यांच्या पोथ्यांत नावापुढे 'डी. एस. पी.' अशी लॅटिन अक्षरं दिसतात. अर्थ, संतती न ठेवता वारला. याचं भाषांतर सर्रास 'निपुत्रिक' असं होतं. पण निपुत्रिक म्हणजे मुलगा नसलेला. त्या माणसाला चार मुली असत्या तरी तो निपुत्रिकच! मुलगे नव्हते एवढंच सांगायचं असेल तर पोथीत शेवटी 'एम' जोडून 'डी. एस. पी. एम.' लिहितात, आणि 'एस' जोडला तर अर्थ होतो, वारला तेव्हा संतती हयात नव्हती, म्हणजे होऊन गेलेली असू शकते. म्हणून नुसत्या 'डी. एस. पी.'ला 'निःसंतान'. 'निर्वंश' नको, त्याला शिव्याशापाचा वास येतो. (यंत्राकडून भाषांतर करून घेणाऱ्यांनी 'डाइड विदाउट इश्यू' तपासून घ्यावं. 'काही अडचण न येता वारला' असं हाती पडण्याची शक्यता आहे.)

'डिसेंडंट'ला 'वंशज' चालतो, पण एक सांभाळायचं. मराठीत पुतण्याच्या नातवालाही आपण सहज काकाचा वंशज म्हणतो. इंग्रजीत पुतण्या काकाचा डिसेंडंट नाही. ती रेषा सरळ खाली उतरते, बाजूला वळत नाही. 'एअर' म्हणजे वारस हा तर वेगळाच गट: पुतण्या वारस असू शकतो, आणि कायद्याच्या काटेकोर अर्थाने जिवंत माणसाला वारस नसतोच, तो मरणानंतर ठरतो.

'सायन' तुम्ही यादीत विनाकारण घातला, असं माझं मत. मुळात कलम बांधायची फांदी, मग बड्या घराण्यातला पोरगा. आपल्याकडे 'वंश' म्हणजेही आधी बांबू, तेव्हा कल्पना ओळखीची आहे, पण हा शब्द दस्तऐवजातला नव्हे, वर्तमानपत्रातला.

राहिलं तुमचं नमुन्याचं वाक्य, 'टू माय चिल्ड्रन अँड देअर इश्यू'. तुम्ही त्याचं 'माझ्या संततीस व त्यांच्या संततीस' केलंत. पहिल्याच 'संतती'त नातवंडं येऊन बसली, मग दुसरी कोणाची? 'माझ्या मुलांना व त्यांच्या पुढील सर्व पिढ्यांतील संततीला' असं लिहा. 'मुलांना' वाचून कोणी मुलींना वगळेल अशी धास्ती असेल तर 'अपत्यांना'. नातवंडांना आईबापांच्या बरोबरीने मिळायचं की त्यांच्या पश्चात, हे मूळ इंग्रजीतच मोघम आहे. ते भाषांतरात स्वतःच्या मनाने ठरवू नका. कंसात प्रश्न लिहून वकिलाकडे पाठवा.