घरच्यांची बाजू

अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमांवरील तुमच्या लेखात अंतराळवीरांच्या धैर्याचे वर्णन उत्तम उतरले आहे. मात्र त्यांच्या कुटुंबीयांना त्यात एका वाक्यात उरकलेले खटकले. मार्च १९६६ मध्ये, अपोलोच्या आधी, नील आर्मस्ट्राँग ज्यात होते ते जेमिनी-८ यान अवकाशात गरगरू लागले, तेव्हा नियंत्रण कक्षातील संभाषण त्यांच्या घरी ऐकवणारा स्पीकर नासाने बंद केला, आणि त्यांच्या पत्नी जॅनेट ह्यूस्टनच्या केंद्रावर धावत गेल्या तर त्यांना आत घेतलेही नाही. (छायाचित्रकारांसमोर मात्र याच पत्नींनी हसतमुख असावे, ही अपेक्षा!) जानेवारी १९६७ मध्ये अपोलो-१ च्या आगीत, जमिनीवरील चाचणीतच, तिघे अंतराळवीर गेले. त्यांपैकी गस ग्रिसम यांच्या पत्नी बेटी यांनी पुढे यान बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला, तो साडेतीन लाख डॉलरवर मिटला आणि अंतराळवीरांच्या वर्तुळात त्यांच्याकडे पाठ फिरवली गेली. मला तरी त्यांचा दावा पूर्णपणे रास्त वाटतो.