आधी दीड-अडीचचं बघा
ऑर्डरींवरच्या या लेखात म्हटलंय की एक नीट रेगेक्स (मजकुरातून ठरावीक साच्याचे शब्द-आकडे शोधणारं सूत्र) लिहिला की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी आपोआप तक्त्यात बसतात. मला हे पटत नाही. सोलापुरात पूर्व भागातल्या एका चादरीच्या दुकानासाठी मी हेच काम पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत करतो. गिऱ्हाईक लिहितं, ‘पांढऱ्या चादरी १२, टॉवेल अडीच डझन, उद्या पाठवा’. अंकांचं काही अडत नाही. पायथनच्या इंट()ला, म्हणजे मजकुराची संख्या करणाऱ्या फंक्शनला, देवनागरी ‘१२’ कळतो, कन्नड-तेलुगू अंकही कळतात.

खरा घोळ पाऊण, दीड, अडीच, साडे यांचा. अडीच डझन म्हणजे ३० नग, साडेतीन डझन ४२, पण अडीचशे म्हणजे २५०. हा शब्दकोश हातानेच करावा लागतो. जुळवताना लांब शब्द आधी घ्या, नाहीतर ‘अडीचशे’मधला ‘अडीच’ आधी पकडला जातो. ‘पांढऱ्या’तला ऱ कधी एका कोडचा (संगणकातल्या अक्षर-क्रमांकाचा) येतो, कधी र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा दोन कोडचा, म्हणून सुरुवातीलाच एनएफसी नॉर्मलायझेशन (अशी अक्षरं एकाच ठरलेल्या रूपात आणणं) करून घ्या.

आणि न कळलेली ओळ कृपा करून गाळू नका, वेगळी काढून माणसाला दाखवा. आमच्याकडे पहिल्या महिन्यात अशा ओळी गुपचूप गळाल्या आणि एका जुन्या गिऱ्हाइकाचा निम्मा माल ऐन लग्नसराईत राहून गेला.