शनिवारपर्यंत संशोधन जमा करावे

समस्त मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि संस्थाचालकहो, शाळा सुधारायची तुमची तळमळ आम्हाला रात्री पावणेअकराला ग्रुपवर कळते. ‘सर्वांनी शनिवारपर्यंत प्रत्येकी एक कृतिसंशोधन जमा करावे. सबब ऐकून घेतली जाणार नाही.’ खाली लगेच अंगठ्यांची रांग. आमच्या शाळेत हा सोहळा नुकताच पार पडला, म्हणून पुढच्या वर्षासाठी तुम्हाला चार गोष्टी सुचवाव्यात म्हणते.

विषय तुम्हीच वाटा. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ साली कृतिसंशोधनाचं चक्र मांडलं: आधी ठरवा, मग करून बघा, काय झालं ते तपासा आणि त्यावरून पुन्हा ठरवा. पुढे १९५३ च्या सुमारास शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरी यांनी ते अमेरिकेतल्या शाळांसाठी मांडलं. म्हणणं एवढंच की ज्याला वर्गात अडचण जाणवते, त्यानेच ती तपासावी. पण त्यांना कुठे संध्याकाळपर्यंत वर फोटो पाठवायचे होते? तुम्ही खुशाल चित्रकलेच्या सरांना भागाकार द्या आणि पीटीच्या बाईंना जोडाक्षरं.

शीर्षक ‘इयत्ता सहावीतील विद्यार्थ्यांना येणाऱ्या अडचणींचा शोध व उपाययोजना : एक अभ्यास’ असं भरघोस असावं. आतलं संशोधन त्याहून लहान असलं तरी कुणी मोजत नाही.

पूर्वचाचणीची वेळ मात्र साधा. उपस्थिती वाढवायचा उपक्रम असेल तर आधीची हजेरी जुलैतली घ्या. आमच्या मुंबईत तेव्हा हिंदमाता तुंबलेलं, हार्बर बंद, निम्मा वर्ग घरी. मग प्रार्थनेनंतर रोज एक बोधकथा सांगा आणि गणपती उरकले की पुन्हा हजेरी मोजा. बोधकथेने पाऊस थांबतो हे आलेखात स्पष्ट दिसेल. आलेख रंगीत काढा.

तयार संशोधन झेरॉक्सवाल्याकडे मिळतंच. पान सातवर दुसऱ्याच शाळेचं नाव राहिलेलं असतं, तेवढं खोडा.

शिक्षकांना वेळ देऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी कामं आम्हाला ठेवली आहेतच. बीएलओ म्हणून, म्हणजे मतदारयादीच्या कामाला, इमारतींचे जिने चढता चढता निरीक्षण आपोआप होतं. कृतिसंशोधनासाठी आठवड्याला एक तास मोकळा द्यावा असं कुठे लिहिलंय का? नाही ना? मग ऑफ तासाला प्रॉक्सी लावा, दुसऱ्याच्या वर्गावर पाठवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्टाफमध्ये एखादी बाई खरोखरच संशोधन करायला लागली तर तिला वेळीच आवरा. आमच्याकडे आवरायला उशीर झाला. ती बाई म्हणजे मी. मला विषय मिळाला होता ‘मधल्या सुट्टीनंतर मुलींचे वर्गात लक्ष नसणे’. मुलींचं डोकं दुखतं, पोट दुखतं, शेवटच्या तासाला त्या चुळबुळत बसतात, अर्ध्या सुट्टीत घरी सोडा म्हणतात. बाकांवर बघत गेले तर प्रत्येकीची पाण्याची बाटली शाळा सुटतानाही गळ्यापर्यंत भरलेली. डब्याच्या पिशवीत घालून जशी आणली तशी परत चाललेली. मुलांच्या बाटल्या दुसऱ्या तासालाच रिकाम्या. विचारलं, तर आधी सगळ्या हसल्या. मग एक म्हणाली, “बाई, पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि तिथे कुलूप असतं.”

कुलूप असतं! चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. मागायला जायचं तर क्लार्क, आलेले पालक आणि शिपाईमामा यांच्यादेखत मागायची. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने. पाळी आलेली असली तरी तशीच. कुलूप का, तर तपासणीला कुणी आलं की टाइल्स चकचकीत दिसाव्यात. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असावं असं कायद्याच्या परिशिष्टात आहे, ते उघडं असावं असं थोडंच छापलंय! फॉर्मवर ‘स्वच्छतागृह : आहे’, फोटो जोडलेला, विषय संपला.

हे सगळं मी लिहून दिलं. बाटल्यांचा तक्ता काढला, मुलींचं म्हणणं नावं न घालता मांडलं. उपाय एका ओळीचा होता. उत्तर आलं, “बाई, निष्कर्ष जरा नकारात्मक वाटतोय. ‘मुलींमध्ये पाणी पिण्याच्या सवयीबाबत जाणीवजागृती’ असं करा. दोन घोषवाक्यं टाका. फाइल वर जायचीय.”

घोषवाक्यं! अहो, त्या मुलींना पाणी प्यायची सवय शिकवायची आहे की तुम्हाला ड्रॉवर उघडायची? बुद्धी शाबूत असलेला माणूस असं बोलू तरी कसा शकतो? तुमच्याच शाळेत, तुमच्या केबिनपासून वीस पावलांवर मुली दिवसभर लघवी दाबून बसतात, आणि तुम्हाला त्यावर स्पायरल बाइंडिंग हवंय. आम्ही शोधून हातात दिलेलं तुम्हाला वाचायचं नसेल तर शोधायला लावता कशाला? लाज वाटली पाहिजे.

शाळा सुधारायचीच असेल तर उद्या सकाळी ते कुलूप काढा. आत साबण ठेवा, कचऱ्याला झाकणाचा डबा ठेवा, सफाईवाल्या ताईंना दुपारची एक फेरी जास्त द्या आणि त्या फेरीचे पैसे संस्थेने द्यावेत. दोन आठवड्यांनी वर्गात या आणि स्वतः बाटल्या बघा. भरलेल्याच असल्या तर मुलींना पुन्हा विचारा, कडी तुटली असेल किंवा नळाला पाणी नसेल, ते दुरुस्त करा. याचा अहवाल मागू नका, फोटो काढू नका, ग्रुपवर टाकू नका. आणि तपासणीला आलेल्या साहेबांना लादी ओली दिसली, तर सांगा की शाळेत मुली आहेत.