बॅटरी पत्र्याखाली ठेवू नका

सोलर बसवताना पॅनल किती वॅटचं घ्यायचं, हे सगळे विचारतात. बॅटरी कुठे ठेवायची, हे कोणी विचारत नाही. आपल्या जळगाव-धुळ्याकडे बॅटरी किती टिकणार हे मात्र जागेवरच ठरतं. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंशांना धरून सांगितलेलं असतं. त्याच्या वर दर १० अंशांना ते जवळपास निम्म्यावर येतं. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ पर्यंत जातो, पत्र्याच्या शेडमध्ये तर आणखी वर. मळ्यात जुनं धाब्याचं घर असेल तर तीच खोली बॅटरीला द्या. फक्त वरच्या बाजूला झरोका हवा, कारण चार्ज होताना निघणारा हायड्रोजन वर जमतो. त्या खोलीत चूल नको, दिवाही नको.

आता हिशेब. फ्रिज, तीन पंखे, दिवे, टीव्ही मिळून दिवसाला साधारण ३ युनिट धरा. विहिरीची मोटर यात अजिबात धरू नका. १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) चार ट्युब्युलर, म्हणजे नळीच्या प्लेटांच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या, सिरीजमध्ये (एकीपुढे एक) जोडल्या की ४८ व्होल्टची, ७.२ युनिटची बँक, म्हणजे बॅटऱ्यांचा संच, होते. वापरायचे त्यातले निम्मेच. इन्व्हर्टरची घट वजा जाता ३ च्या आसपास हाती येतात. यावर पॅनल दीड किलोवॅटचं तरी हवं. बँक मोठी आणि पॅनल तोकडं असलं की बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि श्रावणातल्या ढगाळ आठवड्यात ती बसते. माझं स्पष्ट मत आहे: पैसे मोजके असतील तर आणखी बॅटरी घेऊ नका, पॅनल वाढवा. जुन्या बॅटरीला नवी जोडणं तर नकोच; जुनी नवीलाही ओढत खाली नेते.

पॅनलमधून बॅटरी किती भरायची ते ठरवणाऱ्या चार्ज कंट्रोलरचा तापमान सेन्सर भिंतीवर लोंबकळत ठेवलेला असतो. तो बॅटरीच्या अंगाला चिकटवा. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, म्हणजे चारांत २४. २५ अंशांच्या वर दर सेलला दर अंशामागे ३ मिलिव्होल्ट धरले तर २४ सेलच्या बँकेला ४५ अंशांवर चार्जिंग व्होल्टेज जवळपास दीड व्होल्टने कमी द्यावं लागतं; यालाच तापमान भरपाई म्हणतात. नाही दिलं तर पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात. डिस्टिल्ड वॉटर पूर्ण चार्जिंगनंतर टाका. बोअरचं पाणी नाही, आरओचंही नाही.

२.४ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला २५ चौरस मिमी तांब्याची केबल आणि पॉझिटिव्हला, बॅटरीच्या अगदी जवळ, १०० अँपिअरचा डीसी (बॅटरीच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) फ्यूज लावा. घरातल्या लाइटच्या एसी विजेसाठीचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, इथे चालत नाही. डीसीची ठिणगी सहज तुटत नाही, एमसीबीच जळतो. केबलच्या टोकाचा लग हातोडीने ठोकलेला असेल तर तो पुन्हा नव्याने बसवायला लावा. आत तारा सैल राहतात, जोड तापतो, केबलचं आवरण वितळतं. लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच (दाब देऊन लग आवळणाऱ्या हत्याराने) दाबलेला हवा.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेणार असाल तर १६ सेलची, ५१.२ व्होल्टची, १०० एएच बँक ५ युनिटची होते आणि त्यातले ४ बिनधास्त वापरता येतात. फक्त कंट्रोलरवर ट्युब्युलरची सेटिंग तशीच ठेवू नका: चार्जिंग व्होल्टेज ५६ च्या आसपास, इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे भरण्यासाठी मुद्दाम दिलेलं जादा चार्जिंग) बंद, तापमान भरपाई शून्य.