कॅप अँड बॉल रिव्हॉल्व्हर "शोपीस" नाहीये, तो फॉरवर्ड पुढे ढकलू नका

आठ दिवस झाले, ठाण्यात आमच्या तीन-तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय. म्हणे ब्लॅक पावडरचं, म्हणजे काळ्या दारूचं कॅप अँड बॉल रिव्हॉल्व्हर (तयार काडतूस नाही, फिरत्या सिलिंडरच्या खणांत सुटी दारू आणि गोळी ठासायची, मागे ठिणगीची टोपी बसवायची) अँटिक धरतात, लायसन्स लागत नाही, इटलीहून किट मागवा, घरी पॉलिश पेपर मारून चकाचक करा आणि हॉलमध्ये लावा, दारू काय फटाक्याचीच, आणि तसंही त्यात दम नसतो. काल कळव्याच्या एका ओळखीच्या पोराने विचारलं, काका ऑर्डर टाकू का? म्हणून हे लिहितोय.

आधी लायसन्सचं. ती सूट अमेरिकेची आहे हो. तिकडच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ पर्यंतची बंदूक अँटिक धरतात आणि ठासून भरायच्या हत्यारांच्या नव्या प्रतिकृतीही त्यातच मोजतात. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा चालतो. त्यात स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकणारं कुठलंही हत्यार आलं, सुटे भागसुद्धा आले, म्हणजे किट म्हणून पळवाट नाही. अँटिकची सूट कलम ४५ मध्ये आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला. कारखान्यातून नवंकोरं निघालेलं चालू रिव्हॉल्व्हर त्यात बसणार कसं? बाहेरून आणायचं तर कलम १० खाली वेगळा परवाना.

आणि कलमं राहू द्या बाजूला. मुरबाडकडे माझ्या मामाकडे ठासणीची बंदूक आहे, एकनळी, डुकरांपासून भात राखायला. तिलाही लायसन्स आहे. निवडणूक आली की मामा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करतो आणि पावती जपून ठेवतो. एका बाराच्या बंदुकीला एवढं सगळं आणि सहा बारांच्या रिव्हॉल्व्हरला काहीच नको, पटतं का?

दम नसतो म्हणे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, कोल्ट आणि रेमिंग्टनची हीच रिव्हॉल्व्हरं सैनिकांच्या कमरेला होती.

दारूचं तर वाचून अंगावर काटा आला. फटाके फोडून दारू काढायच्या भानगडीत पडू नका, बोटं जातात. आपल्याकडे बंदुकीची दारू १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येते. आणि आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू यात भरली तर सिलिंडर हातात फुटू शकतो.

आता फिनिशिंग, यावर मला खरंच बोलायचंय. माझा मावसभाऊ पेनसिल्व्हेनियात असतो, त्याने पहिलंच रिव्हॉल्व्हर घेतलं, कोल्टच्या १८५१ नेव्ही मॉडेलची इटालियन प्रतिकृती, आणि मी तिकडे गेलो होतो तेव्हा दोन वीकेंड त्याच्या गॅरेजमध्ये शेजारी बसलो होतो. तिची नळी अष्टकोनी असते. नुसत्या बोटाने पेपर घासला तर आठही कडा गोल होतात आणि सगळं रूप जातं, म्हणून पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळून नळीच्या लांबीनेच ओढायचा. आणि चकाचक करून सोडायचं नसतं, उघडं पोलाद गंजतं. त्याने उलट मुद्दाम पातळ गंज चढवला, मग पाण्यात उकळवला. तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा पडला, वरची भुकटी तारेच्या बारीक ब्रशने काढली, पुन्हा गंज, पुन्हा उकळणं, असं सहा वेळा. मधे माझं तेलकट बोट लागलं, तेवढा ठसा फिका राहिला आणि ती बाजू त्याला पहिल्यापासून करावी लागली. मुठीचं वार्निश खरवडून अक्रोडाच्या लाकडाला जवसाचं तेल, पातळ पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावरच पुढचा.

बरं, बार काढल्यावर काम संपत नाही. ही दारू जळली की निम्म्याहून जास्त काजळी आणि क्षार मागे उरतात, ते हवेतलं पाणी ओढतात. भाऊ त्याच दिवशी सगळं सुटं करून गरम पाणी आणि साबणाने धुतो, सुकवतो, तेल लावतो. जुलैच्या ठाण्यात, जिथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे हॉलमधल्या खिळ्यावर ते किती दिवस टिकेल?

त्या पोराला मी सांगितलं तेच इथे सांगतो. पैसे भरले असतील तर आजच ऑर्डर रद्द करा. खरंच हौस असेल तर आधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत जाऊन विचारा, मुरबाड-शहापूरकडचे असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात.