'तटस्थ' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

श्री. 'तटस्थ' यांस (किंवा श्रीमती, टोपणनावावरून कळायला मार्ग नाही),

'दहा खासदारांचा टेकू' या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री वाचली तेव्हा लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायकोने लॅपटॉप मिटला. सकाळी पुन्हा वाचली. रात्रीपेक्षा काही वेगळी वाटली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जून २०१७ मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी स्वतःहून ओढवून घेतलेल्या मुदतपूर्व निवडणुकीत हुजूर पक्ष ३१७ जागांवर अडकला आणि बहुमत गेलं. मग उत्तर आयर्लंडमधल्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टीच्या, म्हणजे डीयूपीच्या, दहा खासदारांचा बाहेरून पाठिंबा घेऊन सरकार उभं राहिलं. हा युनियनिस्टांचा, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावा असं मानणाऱ्यांचा पक्ष, इयान पेसली यांनी १९७१ मध्ये काढलेला. तिथला हिंसाचार मिटवण्यासाठी झालेल्या १९९८ च्या गुड फ्रायडे कराराला विरोध करणारा, समलिंगी विवाहाला आणि गर्भपाताला शेवटपर्यंत आडवा जाणारा. एवढ्या कडव्या पक्षाने देशाच्या सरकारला दोन वर्षं ओलीस धरलं, असं मी लिहिलं होतं.

त्यावर आपण लिहिता (शब्द आपलेच): "लेख एकांगी आणि उथळ. तीन वर्षं परदेशात नोकरी केली की माणूस तिथल्या राजकारणाचा तज्ज्ञ होत नाही. निवडून आलेल्या पक्षाला गाढव म्हणणं शोभत नाही. पैसे दीड अब्ज नव्हे, एक अब्ज पौंड. डीयूपीने ब्रिटनवर एकही सामाजिक कायदा लादला नाही, उलट करारानंतर तीनच दिवसांत गर्भपाताच्या खर्चावर सरकारलाच नमावं लागलं. सरकार त्यांनी एकदाही पाडलं नाही, मग ओलीस कसले? आणि मजूर पक्षाने काय वेगळं केलं असतं?"

आधी आकड्याचं. आपण बरोबर आहात. २६ जून २०१७ ला डाउनिंग स्ट्रीटवर दोन्ही पक्षांच्या प्रतोदांनी सह्या केल्या त्या करारात उत्तर आयर्लंडसाठी नवे पैसे एक अब्ज पौंडच होते. वरचे पन्नास कोटी आधीच कबूल केलेले होते, फक्त ते खर्चायची मोकळीक वाढवली होती. मी दोन्ही एकत्र धरले. लेखात दुरुस्ती केली आहे.

'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हणही काढून टाकली आहे. म्हण ही म्हण असते, तिच्यातलं गाढव शब्दशः घ्यायचं नसतं, हे मराठी वाचकाला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण असो, काढली.

आता 'उथळ' आणि 'तज्ज्ञ'. मी स्वतःला तज्ज्ञ कुठे म्हणवलं ते दाखवा. लेखात एकदाही नाही. उलट शेवटी 'चूकभूल द्यावी घ्यावी' असं स्वच्छ लिहिलं आहे. तरीही आपल्याला तीन वर्षं खुपली, तर ती तीन वर्षं कशी होती तेही ऐका.

मी बेलफास्टमध्ये २०११ ते २०१४ राहिलो. पहिल्याच जुलैत घरमालकीणबाईंनी सांगितलं, अकरा-बारा तारखेला (युनियनिस्टांच्या वार्षिक शेकोट्या-मिरवणुकांचे दिवस) शक्य असेल तर गावाबाहेर जा, आम्ही सगळे जातो. मी गेलो नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत पोरं महिनाभर लाकडी पॅलेट रचत होती. फुकटची, कुठून कुठून ढकलत आणलेली. तो मनोरा अखेर तीन मजली घराएवढा झाला आणि टोकावर आयर्लंडचा तिरंगा खोवला, जाळण्यासाठीच. अकराच्या रात्री पेटवला तेव्हा जवळच्या घरांच्या खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलं होतं आणि अग्निशमन दलाचे लोक शेकोटी न विझवता त्या घरांच्या भिंतींवर पाणी मारत उभे होते. मी साठेक पावलांवर होतो, तिथेही चेहरा भाजत होता. शेजारी एक बाई बाबागाडीत लेकरू घेऊन उभी होती आणि गाणं म्हणत होती. मला भीती वाटली नाही. फक्त हे प्रकरण एखाद्या करारावर सही करून मिटणारं नाही, एवढं कळलं.

पुढच्या वर्षी, ३ डिसेंबर २०१२ ला, बेलफास्टच्या महापालिकेने ठरवलं की सिटी हॉलवर ब्रिटिश झेंडा वर्षभर न लावता ठरावीक दिवशीच, सुमारे १८ दिवस, लावायचा. बस, एवढंच. त्यानंतर कित्येक आठवडे संध्याकाळी रस्ते अडवले गेले, बसगाड्या मध्येच थांबल्या. मी ऑफिसातून घरी पायी आलो, पावसात, एकदा नाही, अनेकदा. वाटेत फुटपाथच्या कडा बघत यायचो: लाल-पांढरा-निळा रंग दिसला की ब्रिटनवाद्यांची वस्ती, हिरवा-पांढरा-केशरी दिसला की आयर्लंडवाद्यांची. मध्ये उंच भिंत, भिंतीत फाटक, आणि फाटक रात्री बंद. हे पुस्तकात वाचलेलं नाही, साहेब. मोजे पिळत बघितलेलं आहे.

आणि माझ्या मनात त्या लोकांबद्दल आकस असेल असं वाटत असेल तर तेही काढून टाका. माझ्या घरमालकीणबाई आयुष्यभर डीयूपीला मत देत आल्या. मी आजारी पडलो तेव्हा दाराशी सूप ठेवून जायच्या. २०१७ च्या जुलैत मी फोन केला तर म्हणाल्या, "आता लंडनवाले आमचा फोन उचलतात." त्यांचा आवाज इतका खूश मी आधी कधी ऐकला नव्हता. असो, विषय तो नाही.

विषय आपलं ते एक वाक्य: सरकार एकदाही पाडलं नाही, मग ओलीस कसले?

हे वाक्य लिहिताना आपण क्षणभर थांबला असता तर बरं झालं असतं. ओलीस धरणारा ओलिसाला मारत नाही. मारला तर त्याच्या हातात काय उरतं? आपण ज्याला पुरावा समजता आहात तोच माझा मुद्दा आहे.

तारखा बघा. ४ डिसेंबर २०१७. मे ब्रसेल्समध्ये युरोपियन कमिशनचे अध्यक्ष युंकर यांच्यासोबत जेवायला बसल्या आहेत, ब्रेक्झिटनंतरच्या आयर्लंडच्या सीमेबाबतचा मजकूर जवळपास ठरला आहे. इकडे डीयूपीच्या तेव्हाच्या नेत्या अर्लीन फॉस्टर पत्रकारांसमोर उभ्या राहून सांगतात, उत्तर आयर्लंडला बाकी ब्रिटनपासून वेगळं काढणारं काहीही चालणार नाही. मे जेवणावरून उठून त्यांना फोन लावतात. त्या दिवशी करार होत नाही. चार दिवसांनी, ८ तारखेला, होतो तेव्हा त्यात युनियनिस्टांना हवा तो दिलासा देणारा एक परिच्छेद वाढलेला असतो. नाक दाबलं की तोंड उघडतं. सरकार पाडायची गरज काय?

नोव्हेंबर २०१८. मे यांचा ब्रेक्झिट कराराचा मसुदा डीयूपीला पटला नाही. बाहेरून पाठिंब्याची पहिली अट काय होती? विश्वासदर्शक ठराव आणि अर्थविधेयकं यांत सरकारच्या बाजूने मत द्यायचं. तरी अर्थविधेयकावरच्या दुरुस्त्यांवर मतदान आलं तेव्हा हे दहा जण बहुतेक वेळा तटस्थ राहिले आणि एकदा तर मजूर पक्षाबरोबर गेले. पैसे तोवर जायला लागले होते. तटस्थ राहणं हेही शस्त्र असतं, हे निदान आपल्याला तरी वेगळं सांगायला नको.

आणि जानेवारी २०१९. १५ तारखेला मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला. डीयूपीचे दहाही जण विरोधात. दुसऱ्या दिवशी मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते कॉर्बिन यांनी अविश्वास ठराव आणला. तो ३२५ विरुद्ध ३०६ असा फेटाळला गेला, दहाही जण सरकारच्या बाजूने. गणित करा. तेच दहा पलीकडे गेले असते तर ३१५ विरुद्ध ३१६, म्हणजे सरकार एका मताने पडलं असतं. करार करू देत नाहीत आणि खुर्चीवरून उतरूही देत नाहीत, अशी ती अवस्था होती. याला आपल्याकडे दुसरा शब्द असेल तर कळवा, मी 'ओलीस' खोडून तो घालीन.

याहून मोठं नुकसान मी लेखात एकाच परिच्छेदात उरकलं, ती माझी चूक. गुड फ्रायडे करारात लिहून ठेवलं आहे की त्या भूमीवर सत्ता राबवणाऱ्या सरकारने दोन्ही समाजांशी काटेकोर निःपक्षपातीपणे वागायचं. २०१७ च्या जानेवारीत शिन फेन या आयर्लंडवादी पक्षाचे उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि स्टॉरमाँटचं, म्हणजे उत्तर आयर्लंडचं स्थानिक, सरकार कोसळलं. कारण होतं लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळणाऱ्या बॉयलरवर उधळलेल्या अनुदानाचं प्रकरण, आणि ती योजना सुरू झाली तेव्हा खात्याच्या मंत्री याच फॉस्टर होत्या. आता डीयूपी आणि शिन फेन यांना पुन्हा एकत्र बसवायचं काम कुणाचं? लंडन सरकारचं. आणि लंडन सरकार कुणाच्या जिवावर उभं? पंचाने एका संघाच्या कप्तानाकडून उसने पैसे घेतले तर पुढे तो कितीही बरोबर निर्णय देवो, दुसरा संघ मानणार आहे का? हे मी म्हणत नाही, जॉन मेजर यांनी करार होण्याआधीच जाहीरपणे हीच काळजी बोलून दाखवली होती, आणि ते हुजूर पक्षाचेच माजी पंतप्रधान. त्यांनाही आपण 'एकांगी' म्हणणार का? स्टॉरमाँट जानेवारी २०२० पर्यंत, तीन वर्षं, बंदच राहिलं. सगळं खापर या एका करारावर फोडत नाही, पण त्याने मदत तर केली नाही.

सामाजिक कायद्यांबद्दल: हो, २९ जूनला सरकारने उत्तर आयर्लंडच्या स्त्रियांच्या इंग्लंडमधल्या गर्भपाताचा खर्च उचलायचं मान्य केलं. मजूर पक्षाच्या खासदार स्टेला क्रीसी यांच्या दुरुस्तीवर स्वपक्षीयच फुटतील म्हणून. माहीत आहे. लेखाचा विषय तो नव्हता.

मजूर पक्षाबद्दल: २००८ मध्ये गॉर्डन ब्राउन यांचं ४२ दिवसांच्या कोठडीचं विधेयक ३१५ विरुद्ध ३०६ ने निसटलं, ते डीयूपीच्या नऊ मतांवर. तेही मला माहीत आहे. एकाने केलं म्हणून दुसऱ्याचं पाप धुतलं जातं, हे तर्कशास्त्र आपल्यालाच लखलाभ. आणि प्रतिक्रियेच्या शेवटी इथल्या युत्या-आघाड्यांबद्दल जे चिमटे काढले आहेत, त्यांना उत्तर देणार नाही. तो आखाडा वेगळा आहे आणि तिथे उतरायची माझी इच्छा नाही.

'उथळ' या शब्दावर मात्र अजून अडकलो आहे. तीन वर्षं कमी वाटत असतील तर आपण किती वर्षं राहिलात ते लिहा. एखादा दिवसही राहिला असाल तर लिहा. डीयूपीच्या बाजूने बोलणारं कुणी मराठीत लिहितं का, हे मी लेख लिहिण्याआधी शोधत होतो, आणि तेव्हा आपण कुठे होतात?

घरमालकीणबाईंना गेल्या आठवड्यात हा सगळा वाद फोनवर सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तो दुसरा माणूस काय म्हणतो ते मला जरा नीट सांग. सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग पावसाबद्दल बोलायला लागल्या.