‘तीन-तीन गट कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

लॉन मोवरच्या शर्यतींवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: "गवत कापायच्या यंत्रावर बसून चिखलात फिरायचं, इंजिनाला हात लावायचा नाही, बक्षिसाला दमडी नाही, आणि एवढ्याशा खेळात तीन-तीन गट! म्हणजे प्रत्येकाच्या गळ्यात पदक पडायची सोय. होंडाचं मशीन ताशी ११६ मैल पळतं, ते बघा. रिकामटेकड्या गोऱ्यांचे चोचले आम्हाला कशाला सांगता? फोटोही धड दिसत नाहीत."

फोटोंचं मान्य. लहान होते, पुढच्या वेळी मोठे टाकतो.

आता तुमच्या भाषेबद्दल. मतभेदाला माझी कधीच ना नव्हती, या ब्लॉगवर माझ्याशी कडाडून भांडणारे कितीतरी वाचक आहेत आणि ते मला हवेच आहेत. पण ‘रिकामटेकडे’ आणि ‘चोचले’ लिहिण्याआधी आपण कोणाबद्दल बोलतोय ते तरी बघायचं होतं. इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये मी ज्यांना या शर्यतींत उतरताना बघतो त्यांत प्लंबर आहेत, शेतावर राबणारे आहेत, एक शाळेतल्या बाई आहेत. दिवसभराचं काम उरकून रात्री शेडमध्ये वेल्डिंग करत बसणारा माणूस रिकामटेकडा असेल, तर माझे वडीलही रिकामटेकडेच म्हणायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचा लेथ होता. शाळा सुटली की मी तिथे जायचो, बुश घासायचो, बारीक माप घ्यायचा व्हर्नियर धरायला तिथेच शिकलो. यंत्र म्हणजे काय हे मला कोणी पुस्तकातून सांगितलेलं नाही. तेव्हा एखाद्या नियमामागे डोकं आहे असं मी लिहितो, तेव्हा ते गोऱ्यांना भुलून लिहीत नाही, एवढा विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

गटांचं तुमचं वाक्य मात्र मला सोडवत नाही, कारण लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तुम्ही वाचलाच नाही असं त्यावरून दिसतं. ब्रिटनमध्ये हे गट चालवणाऱ्याच्या कुवतीवरून पडतच नाहीत, यंत्राच्या बांधणीवरून पडतात. गट १ यंत्रामागे धावणाऱ्यांचा, तो बाजूला ठेवू. गट २ मध्ये रोलरवर चालणारी यंत्रं येतात. पुढे इंजिन आणि रोलर, मागे जोडून ओढली जाणारी बैठक. स्टिअरिंगचं चाक नाही, लांब हँडल धरायचं. वळण आलं की बैठकीवरून सगळं अंग आत झोकून द्यायचं, गुडघा गवताला घासेल इतकं, नाहीतर यंत्र सरळ पुढे जातं आणि माणूस भलतीकडेच. गट ३ मधली यंत्रं चाकांवर चालतात, त्यांच्यावर बसता येतं, पण पुढे बॉनेट नसतं. गट ४ म्हणजे बॉनेट असलेले छोटे ट्रॅक्टर, इंजिन पुढे, दिसायला खऱ्या ट्रॅक्टरसारखे. या तिघांचं वजन वेगळ्या ठिकाणी पडतं, पकड वेगळी, वळायची रीत वेगळी.

आता हे तिन्ही एकाच रांगेत उभे करा म्हणता? रोलरवाला वळणावर अंग आत टाकून जवळजवळ जमिनीवर आलेला असताना मागून ट्रॅक्टर आला तर काय होईल, याचा तुम्ही क्षणभर तरी विचार केलात का? मोवरला सस्पेन्शन नसतं. खड्ड्यातून गेलं की माणूस उडतो. म्हणून तर चालवणाऱ्याच्या अंगाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक इंजिन बंद करणाऱ्या स्विचला जोडलेलं असतं. शर्यतीआधी तपासणीस ती दोरी स्वतः ओढून बघतो. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं नाही तर यंत्र मैदानात जात नाही. कापायची पाती तर आधीच काढलेली असतात.

कुस्तीत ५७ किलोच्या पैलवानाला १२५ किलोच्या पैलवानासमोर उभं करत नाहीत. त्याला आमच्या कोल्हापुरात ‘पदकं वाटायची सोय’ कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. तुम्ही तालमीत जाऊन म्हणून बघा.

राहिला इंजिनाचा मुद्दा. १९७३ मध्ये वेस्ट ससेक्समधल्या विसबरो ग्रीन गावच्या क्रिकेटर्स आर्म्स नावाच्या पबमध्ये जिम गॅव्हिन आणि त्यांच्या मित्रमंडळींनी हा खेळ काढला. मोटर रॅली पैसेवाल्यांची होत चालली होती, आणि मोवर मात्र घरोघरच्या शेडमध्ये पडून होता. म्हणून त्यांनी ठरवलं की प्रायोजक नको, रोख बक्षीस नको आणि इंजिनाची ताकद वाढवायची नाही. यंत्र घरगुती हिरवळ कापायला बनवलेलं आणि बाजारात विकलेलं असलं पाहिजे. गियरिंग बदला, सांगाडा मजबूत करा, तिथे कारागिरी दाखवा. तुम्ही ज्याला चोचले म्हणता तो खेळ चोचले होऊ नयेत म्हणूनच असा बांधलाय. हा नियम काढून टाकला की पुढच्याच हंगामात ज्याचा खिसा मोठा तो जिंकेल.

होंडाचं ते गवत कापायचं मशीन २०१४ मध्ये स्पेनमध्ये ताशी ११६ मैलांवर गेलं, खरंय. त्यात एक लिटरचं मोटरसायकलचं इंजिन बसवलेलं होतं. वरच्या एकाही गटात त्याला उभं करून घेणार नाहीत, आणि ते धावलं ते विक्रमासाठी, शर्यतीत नव्हे. अमेरिकेतली या शर्यतींची संघटना १९९२ पासूनची. तिच्याकडे इंजिन बदललेल्यांचे वेगळे वर्ग आहेत, मुलांचेही आहेत. म्हणजे ज्या देशात वेगाला मोकळीक दिली तिथे गट कमी झाले नाहीत, वाढले. हे तुमच्या म्हणण्याच्या बरोबर उलट जातं.

बक्षिसाच्या दमडीबद्दल एवढंच सांगतो: ससेक्समध्ये रात्रभर चालणारी बारा तासांची शर्यत होते. ती फॉर्म्युला वनचे नावाजलेले चालक स्टर्लिंग मॉस यांनी जिंकलीय आणि ल मॉंची चोवीस तासांची मोटर शर्यत पाचदा जिंकणाऱ्या डेरेक बेल यांनीही. त्यांना कोणी रोख दिली नव्हती. शिलकीचे पैसे धर्मादाय कामाला जातात.

बाकी मुद्द्यांना उत्तर द्यावं असं त्यांत काही नाही. गट ३ आणि ४ मधल्या फरकाबद्दल, गियरिंगबद्दल खरोखर विचारायचं असेल तर जरूर विचारा, वेळ काढून सविस्तर लिहीन. पण त्या माणसांना पुन्हा रिकामटेकडे म्हणालात तर ती प्रतिक्रिया मी ठेवणार नाही.